ओट्यात बसवलेल्या आगीची जबाबदारी

महाराष्ट्रातले किचन ट्रॉली आणि मॉड्युलर किचन बनवणारे व्यावसायिक, इंटेरियर डिझायनर आणि त्यांच्यासोबत राबणारे सुतार, ग्रॅनाइटवाले, प्लंबर यांना,



मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. तुमचं काम संपतं, घरात माणसं राहायला येतात आणि मग कधीतरी मला फोन येतो. ज्योत पिवळी पडतेय, पातेली काळी होतायत, काच फुटली, ट्रॉली उघडली की गॅसचा वास येतो. मी जातो, हॉबखालचा, म्हणजे ओट्यात बसवलेल्या शेगडीखालचा, ड्रॉवर रुळावरून काढतो, टॉर्च लावतो आणि तुमचं काम खालच्या बाजूने पाहतो. पुष्कळदा हॉब ठणठणीत असतो आणि चूक तो बसवण्यात असते. ती चूक काय असते आणि ती कशी टळेल, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहितोय. ज्यांच्या घरात तुम्ही काम करता त्यांनीही ते वाचावं, म्हणून ते खुलं ठेवलंय.

शेगडी ओट्यावर होती तोवर ती ‘बसवणं’ असं काही फारसं नव्हतंच. ती चार पायांवर उभी असायची, तिला चारही बाजूंनी हवा मिळायची आणि नळी डोळ्यांसमोर असायची. रात्री ओटा धुताना घरातलं माणूस शेगडी उचलायचं, तेव्हा नळीला पडलेली चीर आपसूक हाताला लागायची. हॉब आला आणि शेगडी दगडात उतरली. बर्नरची खालची बाजू, जेट, आतला गॅसपाइप आणि नळीचा जोड असं सगळं ओट्याखालच्या अंधारात गेलं. घरच्या माणसांची रोजची नजर तिथून उठली. ज्या कामाने ती नजर उठवली, त्या कामावर तिची भरपाई करण्याची जबाबदारी येते. नेमकी केलेली आणि तपासून दिलेली फिटिंग हीच ती भरपाई.

आज एक हॉब बसायला किती हात लागतात पाहा. डिझायनर ड्रॉइंगवर जागा ठरवतो. ग्रॅनाइटवाला दगड कापतो. सुतार ट्रॉली लावतो आणि नळीसाठी प्लायला भोक पाडतो. हॉब कंपनीचा माणूस हॉब ठेवून क्लॅम्प आवळतो. गॅस एजन्सीचा मेकॅनिक किंवा पाइप गॅसचा ठेकेदार जोडणी देतो. प्रत्येक जण आपापलं काम करून निघून जातो. दोन कामांमधला सांधा मात्र कुणाचाच नसतो, आणि मला सापडणाऱ्या चुका बहुतेक त्या सांध्यातच असतात. भोक चुकीच्या जागी पडलंय हे नळी लावणाऱ्याला दिसतं, पण भोक पाडणं त्याच्याकडे नसतं. ड्रॉवरची मागची फळी नळीला घासतेय हे सुताराला दिसत नाही, कारण तो गेल्यावर नळी आलेली असते.

असा एक सांधा किती महागात पडू शकतो, ते लंडनमध्ये घडून गेलंय. १६ मे १९६८ च्या पहाटे, पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम भागातल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत, अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटवायला काडी ओढली. घरात साठलेल्या गॅसचा स्फोट झाला, बाहेरची भिंत उडाली आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली, सतरा जखमी झाली. त्या बाई स्वतः वाचल्या. इमारतीत माणसं राहायला येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. तो कोपरा पत्त्यांसारखा कोसळण्याला इमारतीची बांधणी जबाबदार ठरली. गॅस कुठून आला याचा शोध मात्र शेगडीला नळी जोडणाऱ्या एका पितळी नटापाशी येऊन थांबला. तो नट हलक्या प्रतीचा होता आणि तिथेच जोड निकामी झाला होता.

त्यानंतर ब्रिटनने इमारतींचे नियम बदललेच, शिवाय गॅस फिटरांकडेही लक्ष वळवलं. १९७० मध्ये त्यांची नोंदणी करणारी संस्था उभी राहिली. १९९१ पासून ती नोंदणी सक्तीची झाली, आणि २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’ हे काम पाहतं. तिथे घरातल्या हॉबला गॅस जोडायचा तर पैसे घेऊन काम करणारा माणूस नोंदणी झालेलाच लागतो. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, आणि गॅसची कोणती कामं करायला तो पात्र आहे हे त्या ओळखपत्राच्या मागे लिहिलेलं असतं.

आपल्याकडे शेगडीसाठी मानक आहे. एलपीजीच्या घरगुती शेगडीला आयएस ४२४६ आणि पाइप गॅसच्या शेगडीला आयएस १७१५३ लागू होतं. राष्ट्रीय इमारत संहितेत गॅसपुरवठ्यावर स्वतंत्र विभाग आहे. पण ग्रॅनाइटवर कटर चालवणाऱ्याला किंवा प्लायला भोक पाडणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. सरकारने काय करावं यावर वेगळं पत्र लिहिता येईल. हे पत्र तुम्हाला लिहितोय, कारण स्वयंपाकघराचं वेळापत्रक, कारागिरांचा क्रम आणि ग्राहकाचा विश्वास या तिन्ही गोष्टी आज तुमच्या हातात आहेत.

आता कामाचं बोलतो. पहिली चूक कटआउटची. ‘साठचा हॉब’ म्हटलं की साठ सेंटिमीटर हे वरच्या काचेचं माप असतं आणि दगडातलं भोक त्याहून लहान असतं. युरोपीय मापाच्या साठच्या हॉबला ५६ बाय ४९ सेंटिमीटरचा कटआउट सर्रास दिसतो. पण आपल्या बाजारातल्या हॉबची मापं कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतात. तरीही हॉब खरेदी होण्याआधीच अंदाजाने दगड कापला जातो. भोक मोठं झालं की काचेला टेकायला कडाच उरत नाही, मग चारी बाजूंनी सिलिकॉन भरून वेळ मारून नेली जाते. भोक लहान झालं की ओट्यावरच ग्राइंडर चालतो आणि त्या हादऱ्यांनी दगडाला केसासारखी बारीक चीर जाते. यावर उपाय एकच. हॉब घरात आल्याशिवाय आणि खोक्यातला कागदी साचा दगडावर ठेवून आखल्याशिवाय कटर चालवू नका.

कटआउटचे कोपरेही तेवढेच महत्त्वाचे असतात. कटर दोन बाजूंनी सरळ चालवून काटकोन काढला की ताण त्या टोकावर एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. आधी चारही कोपऱ्यांत गोल भोकं पाडा, मग त्यांच्यामध्ये कापा. हॉबच्या पुढे उरणारी दगडाची पट्टी अरुंद असेल तर तिला खालून आधार द्या, कारण ओटा पुसताना माणूस तिच्यावरच रेलतो. जुन्या घरांतल्या ओट्याला खाली कडप्पा आणि वर ग्रॅनाइट असे दोन थर असतात. हॉबचे क्लॅम्प ठराविक जाडीसाठीच बनवलेले असतात आणि ते दोन थरांना पुरत नाहीत. मग कुणी क्लॅम्प न लावताच हॉब सोडून देतो, कुणी लाकडाचे तुकडे ठोकतो. अशा ठिकाणी क्लॅम्प पोहोचेल एवढा कडप्पा खालून कापून घ्यायला हवा. त्याला वेळ लागतो, पण तो वेळ कोटेशनमध्ये आधीच धरता येतो.

त्यानंतर काच. हॉबची काच टफन्ड असते. तिला तडा जाऊन थांबत नाही, ती एकदम चुरा होऊन पडते. ओटा समपातळीत नसेल आणि चारही क्लॅम्प जोर लावून आवळले, तर काच पहिल्या दिवसापासून पिळलेली राहते. पुढे एखाद्या दिवशी कुकर जरा जोरात टेकवला जातो आणि दोष कुकरला लागतो. ओट्यावर पाणसळ ठेवून पाहा. क्लॅम्प हॉब हलणार नाही एवढेच आवळा. आणि काचेखाली सिलिकॉन भरू नका. खोक्यात येणारी फोमची पट्टी त्याचसाठी असते. ती सांडलेलं दूध आणि पाणी अडवते, आणि दुरुस्तीच्या वेळी हॉब उचलूही देते. सिलिकॉनने ओट्याला चिकटवलेला हॉब उचलायचा म्हणजे काच फुटण्याचा धोका पत्करायचा. म्हणून अनेक घरांत आतली तपासणी राहूनच जाते.

सगळ्यात कमी समजली जाणारी गोष्ट हवेची आहे. जेटमधून गॅस वेगाने सुटतो आणि जाताना हवा ओढून घेतो. ती हवा आणि गॅस बर्नरमध्ये मिसळतात तेव्हा ज्योत निळी येते. ओट्यावरच्या शेगडीला ही हवा मोकळी मिळायची. अनेक हॉबमध्ये ती काचेखालून, म्हणजे तुमच्या ट्रॉलीच्या कप्प्यातून घेतली जाते. तुम्ही तो कप्पा मागून, बाजूंनी आणि पुढून अगदी चपखल बंद करता. ट्रॉलीच्या कामात चपखलपणा हा गुण मानला जातो, पण हॉबच्या खाली त्याने बर्नरचा श्वास कोंडतो. ज्योत पिवळी पडते, भांड्यांना काजळी धरते, आणि अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. ड्रॉवर झटक्याने बंद केला की खालच्या हवेला धक्का बसतो आणि मंद ज्योत विझते, ही तक्रार मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. तिथे ग्राहक बर्नर बदलायला सांगतात, पण बर्नरमध्ये काही दोष नसतो.

म्हणून हॉबखालच्या कप्प्याला वर आणि खाली, दोन्हीकडे कायमची मोकळी जागा ठेवा. ती किती असावी हे हॉबच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. वर आणि खाली दोन्हीकडे का, त्यालाही कारण आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली उतरतो आणि ट्रॉलीच्या तळाशी, स्कर्टिंगच्या मागे साचून राहतो. पाइप गॅस हा मुख्यतः मिथेन असतो, तो हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. हवेत साधारण दोन टक्के एलपीजी मिसळला तरी ते मिश्रण ठिणगीने पेटू शकतं. बंद कप्प्यात दोन टक्के व्हायला फार गॅस लागत नाही. गॅसला मुद्दाम दिलेला उग्र वास गळती ओळखण्यासाठीच असतो, पण हवाबंद ट्रॉली तो वासही आतच धरून ठेवते. सकाळी कुणी ती उघडतं, तोवर धोक्याची सूचना देण्याची वेळ निघून गेलेली असते.

आता नळी. एलपीजीसाठी तारेची गुंफण असलेली नारिंगी सुरक्षा नळीच वापरायची. ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी, तिच्यात मध्ये जोड नसावा, आणि पाच वर्षं झाली की ती बदलायची. मला दिसतं ते असं. सिलिंडर ड्राय बाल्कनीत हलवलेला असतो, नळी भिंतीतून आणि दोन प्लायमधून ओवलेली असते, आणि लांबी कमी पडली म्हणून मध्ये तुकडा जोडलेला असतो. भोकाच्या कडा धारदार ठेवलेल्या असतात. कुठे नळी हॉबच्या गरम तळाला चिकटून जाते, कुठे खालच्या ओव्हनच्या पाठीवरून. कुठे ड्रॉवरची मागची फळी दर उघडझाप करताना तिला घासते. कुठे उंदरांनी कुरतडलेली असते, आणि ती जागा फळी काढल्याशिवाय दिसतच नाही. सिलिंडर लांब ठेवायचाच असेल तर तिथून हॉबपर्यंत धातूची पक्की पाइपलाइन जाणकाराकडून टाकून घ्या, शेवटी आवाक्यात व्हॉल्व्ह द्या आणि लवचीक नळी फक्त त्या टोकाला, नजरेसमोर ठेवा. नळीवर छापलेली तारीख काहीही न उघडता वाचता आली पाहिजे, ही साधी कसोटी लावा.

सिलिंडर कप्प्यात ठेवायचा आग्रह ग्राहकच धरतात, हे मला माहीत आहे. १४.२ किलोच्या लाल सिलिंडरने नव्या स्वयंपाकघराची शोभा जाते, असं त्यांना वाटतं. त्यांना समजावून सांगणं तुमचं काम आहे. सिलिंडर उभा हवा, जमिनीवर हवा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर हवा, आणि झोपायच्या आधी रेग्युलेटर सहज बंद करता आला पाहिजे. कप्प्यात ठेवायचाच असेल तर त्या दाराला तळाशी आणि वर मोठ्या जाळ्या असल्याच पाहिजेत. पुढे डबे रचलेल्या कप्प्यातला रेग्युलेटर कुणी रोज बंद करत नाही.

मुंबईत महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस आणि त्यांच्यासारख्या कंपन्यांचा पाइप गॅस आता पुष्कळ घरांत पोहोचलाय. पुनर्विकासाच्या नव्या इमारतींत तो बहुधा आधीच आलेला असतो. इथे तुमच्याकडून दोन चुका होतात. एक म्हणजे भिंतीवरची पाइप, मीटर आणि व्हॉल्व्ह दिसायला नको म्हणून प्लायच्या खोक्यात बंद करणं. व्हॉल्व्ह ड्रॉवर काढल्याशिवाय हाती लागत नसेल, तर तो नसल्यासारखाच आहे. दुसरी चूक म्हणजे ओट्याची जागा बदलली म्हणून ओळखीच्या प्लंबरकडून ती पाइप सरकवून घेणं. पाण्याची पाइप गळली तर फरशी ओली होते, गॅसची गळली तर जीव धोक्यात येतो. गॅसच्या पाइपला हात फक्त गॅस कंपनीच्या अधिकृत ठेकेदारानेच लावायचा. डिझाइन ठरवतानाच कंपनीकडे अर्ज करा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात ग्राहकाची घाई तुमच्या गळ्यात पडणार नाही.

पाइप गॅस आणि एलपीजी यांची जेट वेगळी असतात, हेही सगळ्यांना ठाऊक नसतं. एका घनमीटर एलपीजीतून मिळणारी उष्णता तेवढ्याच नैसर्गिक वायूच्या अडीच ते तीन पट असते. घरात एलपीजीचा दाब साधारण ३० मिलिबार असतो, पाइप गॅसचा २१. म्हणून पाइप गॅसच्या जेटचं छिद्र मोठं असतं. एलपीजीचा हॉब तसाच पाइप गॅसला जोडला तर ज्योत दुबळी येते आणि भाकरी फुगत नाही. उलट केलं तर ज्योत मोठी, पिवळी आणि धुरकट येते, आणि तो प्रकार धोक्याचा आहे. जेटला अंदाजाने ड्रिल मारून छिद्र मोठं करण्याचा शॉर्टकट कुणी सुचवला तर त्याला थांबवा. प्रत्येक बर्नरसाठी त्या मापाचं जेट कंपनीकडून मिळतं. ग्राहकाकडे कोणता गॅस आहे, आणि पुढे कोणता येणार आहे, हे हॉब खरेदी करण्याआधीच विचारा.

हॉबच्या आजूबाजूचं मात्र थोडक्यात सांगतो. चिमणी हॉबच्या अगदी वर, आणि उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवरच हवी. गॅसच्या हॉबसाठी ती साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर असते. हॉब खिडकीसमोर किंवा पंख्याच्या थेट झोतात नको. बाजूला उंच कपाट किंवा फ्रिज चिकटून नको, कारण आपल्या घरात पुरणपोळीचा तवा आणि सणाचं मोठं पातेलं दोन्ही लागतात आणि ती बर्नरच्या बाहेर येतात. साठ सेंटिमीटरमध्ये चार बर्नर कोंबलेला हॉब विकण्याआधी ग्राहकाला तवा आणि कुकर एकत्र ठेवून पाहायला सांगा. थर्मोकपल असलेल्या हॉबची शिफारस करा. ज्योतीजवळची ती बारीक दांडी तापलेली असेपर्यंत थोडी वीज निर्माण करते आणि त्या विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझली की दांडी थंड होते आणि गॅस आपोआप बंद होतो. ब्रिटनमध्ये बहुमजली इमारतीतल्या फ्लॅटमध्ये नवा हॉब लावायचा तर ही सोय लागतेच. आपल्याकडे ती नसलेले हॉबही विकले जातात, आणि किमतीतला फरक संपूर्ण किचनच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

इंडक्शन हॉब गॅसचा नसला तरी कामाची शिस्त तीच लागते. ओट्यात बसवायचा चार झोनचा इंडक्शन हॉब सात किलोवॉटच्या आसपास वीज ओढू शकतो. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त पावणेचार किलोवॉटच्या आतच वीज मिळते. म्हणून त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं. त्याच्या पोटात थंड करणारा पंखा असतो, त्यालाही खालून हवा लागते. खाली पेपर नॅपकिनचा ड्रॉवर ठासून भरला तर तो हॉब तापून स्वतःच बंद पडतो.

या सगळ्या चुका तुमच्यातल्या बहुतेकांना एकेकट्या माहीत असतील. त्या तरीही होतात, कारण सगळं बसल्यावर ते सगळं एकत्र तपासणारं कुणी नसतं. माझं मुख्य सांगणं तेच आहे. हॉब असलेल्या प्रत्येक किचनसाठी तुमच्याकडच्या एका माणसाला जबाबदार करा. तो हॉबची पुस्तिका स्वतः वाचेल, ग्रॅनाइटवाल्याला साचा देईल, हॉबखालच्या पहिल्या ड्रॉवरची उंची आणि फळीची जागा ठरवेल, नळीचा मार्ग आखेल, आणि शेवटी गॅस जोडणाऱ्यासोबत उभा राहील. गॅसचं काम अधिकृत मेकॅनिकच करेल. पण तो गेल्यावर सगळं जागेवर आहे हे पाहणारा माणूस तुमचा असेल.

काम सोपवण्याआधी त्या माणसाने घरच्यांसमोर एक तपासणी करावी. हॉबची सगळी बटणं बंद ठेवून रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह उघडायचा आणि नळीच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी ओढून गळती कधीही शोधायची नाही. पाइप गॅस असेल तर सगळी बटणं बंद आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवून मीटरचे शेवटचे आकडे काही वेळ पाहायचे, ते हलता कामा नयेत. मग सगळे बर्नर एकदम पेटवायचे, ज्योत निळी आणि शांत आहे का पाहायचं. त्याच वेळी खालचे ड्रॉवर उघडायचे आणि आपटून बंद करायचे. ज्योत डगमगली किंवा विझली तर हवा कमी पडतेय. बर्नर बराच वेळ चालू ठेवून खालची फळी आणि नळी हाताने चाचपायची, त्या तापलेल्या नकोत. शेवटी घरातल्या प्रत्येकाला व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवायचं. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण दाबायचं नाही, चिमणीचंही नाही. व्हॉल्व्ह बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन फोन करायचा. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे. पाइप गॅसचा क्रमांक मीटरजवळ लिहून ठेवायचा.

ही तपासणी करायला तास-दीड तास लागतो, आणि तेवढा वेळ द्यायला ग्राहक तयार नसतात, असं तुम्ही म्हणाल. मला वाटतं, त्यांना कुणी विचारलंच नाही. सॉफ्ट क्लोजिंगचं चॅनेल कोणत्या कंपनीचं, शटरवर ॲक्रिलिक लावायचं की पीयू, यावर ग्राहक तासन्‌तास बोलतात, कारण तुम्ही त्यांना ते शिकवलंत. हॉबखालच्या हवेबद्दल आणि नळीच्या मार्गाबद्दलही ते ऐकतील, फक्त सांगणारे तुम्ही असायला हवेत. दुसरा आक्षेप असा, की गॅस हा तुमच्या कामात येतच नाही. पण ओट्याला भोक तुम्ही पाडता, कप्पा तुम्ही बंद करता आणि नळी कुठून जाणार हे तुमच्या फळ्या ठरवतात. एवढं सगळं ज्याच्या हातात आहे त्याला त्यापासून हात झटकता येत नाहीत.

तर माझी मागणी ही आहे. तुमच्या पुढच्या कोटेशनमध्ये हॉबसाठी एक स्वतंत्र ओळ टाका: फिटिंग आणि गॅस तपासणी. तिचे पैसे लावा, ते योग्यच आहेत. काम सोपवताना एका कागदावर लिहून द्या की कटआउट साच्याप्रमाणे आहे, खालून-वरून हवेची वाट मोकळी आहे, नळी दिसते आणि तिच्यावरची तारीख वाचता येते, व्हॉल्व्ह आवाक्यात आहे, जेट घरातल्याच गॅसची आहेत, साबणाची तपासणी झाली आहे. त्यावर तुमच्या जबाबदार माणसाचं नाव, तारीख आणि सही असू द्या. त्याची एक प्रत ग्राहकाकडे आणि एक तुमच्याकडे ठेवा. तुमच्या संघटनांनी, डिझायनरांच्या मंडळांनी हा कागद सगळ्या सभासदांसाठी एकसारखा केला तर आणखी चांगलं. आणि वाचकहो, तुमच्या घरी किचनचं काम सुरू असेल तर हा कागद हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. हा कागद देणाऱ्या व्यावसायिकाचं नाव मात्र शेजारीपाजारी आवर्जून सांगा. अशाच लोकांना जास्त काम मिळालं पाहिजे.

कळावे,

आपला,
शेगड्या दुरुस्त करणारा एक व्यवसायबंधू